देव उजव्या हाताला हवा

सुरुवातीलाच कबूल करतो, की हा अनुभव ज्याला आला तो माणूस त्या लायकीचा नव्हता. देवाशी माझं नातं लांबच्या मामांशी असतं तसं होतं. लग्नकार्यात वाकून नमस्कार करायचा, एरवी चार ओळींचं पत्रसुद्धा टाकायचं नाही. त्यातून त्या वर्षी मी देवावर रुसलोही होतो. चाळिशी ओलांडून जेमतेम तीन वर्षं झाली होती आणि डॉक्टरांनी मला इन्सुलिनची सुई लावली होती. रोज सकाळी, जन्मभर. ज्यांना गोड आवडत नाही अशी हजारो माणसं जगात असताना हा आजार माझ्यासारख्या श्रीखंडाच्या भक्ताला का, असा माझा देवाला साधा प्रश्न होता. उत्तर आलं नव्हतं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजला राहत होतो. मी विद्यापीठात शिकवत होतो, माझी बायको सुनंदा तिथल्याच एका प्रयोगशाळेत होती. त्या जूनमध्ये माझ्या सासूबाई वाईहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. माझे सासरे मधुमेहानंच गेले होते, आधी पाय, मग डोळे, मग सगळंच. त्यामुळे मी आणि सुनंदानं ठरवलं, की आईंना माझ्या आजाराचा पत्ता लागू द्यायचा नाही. मला नाटकाची हौस लहानपणापासून, तेव्हा ही भूमिका मी आनंदानं स्वीकारली. रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून मी खड्या आवाजात गायचो आणि एका लांबलचक तानेत सुई टोचून घ्यायचो. बाहेर आल्यावर आई म्हणायच्या, "जावईबापू, गळा तयार आहे हो तुमचा!" मी मान लववून दाद घ्यायचो.

ऑक्टोबरात एका शनिवारी संकष्टी आली. आईंची संकष्टी कडक. चंद्रोदयापर्यंत फक्त पाणी, आणि चंद्रोदयाची वेळ आमच्या गावच्या इंग्रजी पेपरात छापून यायची याचं त्यांना फार कौतुक. "म्हणजे इथेही संकष्टी पाळणारं कोणीतरी आहे," त्या म्हणायच्या. सकाळी मी टोस्टला हात घालणार तेवढ्यात त्या सोवळ्यानं पूजा करताना दिसल्या, आणि माझ्या अंगात कुठला नट संचारला कोण जाणे, मी म्हणालो, "आई, आज मीही तुमच्याबरोबर धरतो!" त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं आणि नुसतं "बरं" म्हणाल्या. सुई टोचून झाली होती, आणि तिच्यावर काही खाल्लं नाही तर रक्तातली साखर घसरते. पण मी निर्धास्त होतो, कारण माझी योजना तयार होती.

योजना अशी. अर्ध्या तासावर एक छोटं खेडं होतं. तिथल्या वाचनालयात 'सोप्या पायवाटा' असा टंकलिखित कागद फुकट मिळायचा. दुसऱ्या क्रमांकाची वाट दीड तासाची, गावाभोवती गोल फिरून परत वाचनालयापाशी. सुनंदाला त्या दिवशी प्रयोगशाळेत काम होतं, म्हणून मी आईंना तिकडे फिरायला न्यायचं ठरवलं. कागदावर लिहिलं होतं, 'उजवीकडे वळा, पाच मिनिटांवर गावातलं दुकान लागेल.' त्या दुकानात रस्ता विचारायच्या निमित्तानं शिरून दोन डोनट तोंडात कोंबायचे, ओठ पुसायचे आणि उपाशी चेहऱ्यानं बाहेर यायचं. डॉक्टरांनी खिशात कायम गोड गोळ्या ठेवायला सांगितल्या होत्या. त्या मी आदल्याच आठवड्यात केवळ आवडीपोटी संपवल्या होत्या.

वाचनालयापाशी गाडी लावली. आई उतरल्या, पाचवारी साडी, वर सुनंदाचा जाडजूड स्वेटर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. समोर लाल-पिवळ्या झाडांच्या मधोमध एक टेकडी आणि तिच्यावर पांढऱ्या चर्चचा निमुळता कळस. सगळी वाट त्या टेकडीला वळसा घालून जाते, असं मी त्यांना हौसेनं समजावलं आणि उजवीकडे वळलो.

"तिकडे कुठे?" आई म्हणाल्या.

"कागदावर तसंच आहे."

"कागद चुकलाय. मधे देऊळ आहे ना? मग देव उजव्या हाताला हवा."

"अहो आई, ते चर्च आहे."

"असू दे. उलटी प्रदक्षिणा मी घालायची नाही. तीही संकष्टीला!"

आणि त्या डावीकडे चालू लागल्या. माझ्या लक्षात आलं, की आता दुकान सर्वांत शेवटी येणार. पण तक्रार कुठल्या तोंडानं करणार? उपाशी माणसाला दुकानाशी काय काम?

पुढचा तासभर मी तो कागद खालून वर वाचत होतो. डावं ते उजवं, आधीचं ते नंतरचं. एकदा आम्ही थेट कुणाच्या तरी भोपळ्यांच्या शेतात उभे राहिलो. आईंनी एक भोपळा थोपटून पाहिला आणि म्हणाल्या, "घारगे किती झाले असते!" एका ठिकाणी कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या होत्या, शिडीसारख्या दोन्ही बाजूंनी उतरणाऱ्या. आई साडी सावरून ऐटीत पलीकडे उतरल्या. मी मात्र वरच्या पायरीवर थांबलो, कारण पायऱ्या अचानक दोनाच्या चार दिसायला लागल्या होत्या.

कसाबसा उतरलो. हात थरथरत होते, थंडीत घामानं शर्ट भिजला होता. हे काय आहे ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि पुढे काय होतं तेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुकान अजून मैलभर दूर. मागं भोपळे, पुढं मोकळं कुरण, त्यात एक तपकिरी घोडा. आईंना इंग्रजी येत नाही, गाडी चालवता येत नाही, आणि परदेशातल्या त्या माळावर त्यांच्या पुढ्यात मी आडवा होणार होतो. ज्या बाईनं नवऱ्याला याच आजारात जाताना पाहिलं, तिच्या पुढ्यात! मी गवतात बसलो. विनोद सुचेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी देवाला नुसती हाक मारली. मागणं नाही, अट नाही. वाक्य पूर्ण करण्याइतकी शुद्धही नव्हती.

नंतरचं तुटक आठवतं. आई जोरजोरात ओरडत होत्या, "ओ बाई! अहो बाई, इकडे या!" वाटेच्या पुढच्या वळणावरून एक साठीची गोरी बाई हातात काठी घेऊन समोरून येत होती. ती धावतच आली, माझ्या कपाळाला हात लावला आणि आईंना विचारलं, "डायबेटिक?"

आणि आई म्हणाल्या, "येस! येस! डायबेटिक! इन्सुलिन!"

मी अर्धवट शुद्धीत होतो, तरी ते शब्द मला घंटेसारखे ऐकू आले.

त्या बाईनं कोटाच्या खिशात हात घातला आणि मूठभर साखरेचे चौकोनी खडे काढले. ते घोड्यासाठी होते. ती रोज त्या कुरणावरून जायची आणि रोज त्याला खाऊ घालायची. त्या दिवशी घोडा कुंपणावरून मान लांब करून बघत राहिला आणि त्याचा खाऊ एक एक करून माझ्या जिभेवर ठेवला गेला. पंधरा-वीस मिनिटांनी पायऱ्या चाराच्या पुन्हा दोन झाल्या. मी उठून बसलो, आणि इतकं हलकं वाटलं की मला हसूच फुटलं.

तिचं नाव डोरोथी. आईंनी तिचं लगेच डोराबाई करून टाकलं. मूळची इंग्लंडमधल्या एका खेड्यातली. युद्धानंतर अमेरिकन शिपायाशी लग्न करून इथे आली. माहेरच्या पायवाटांची आठवण जाईना म्हणून तिनं इथल्या शेतकऱ्यांच्या विनवण्या करून वाटा मोकळ्या करून घेतल्या, तिकडच्यासारख्या लाकडी पायऱ्या बसवून घेतल्या आणि तो कागदही तिनंच टाइप केला. "पण तुम्ही उलटे कसे आलात?" तिनं विचारलं. "या वाटेवर मला समोरून कोणी कधीच भेटत नाही. सगळे कागदाप्रमाणे एकाच दिशेनं चालतात. पुढचा पुढे, मागचा मागे." मी टेकडीकडे बोट करून प्रदक्षिणा समजावली. ती चर्चकडे बघत राहिली. एवढी वर्षं ती देव डाव्या हाताला ठेवून चालत होती.

डोराबाई गाडी आणायला गेल्या. आम्ही दोघं त्या पायरीवर बसलो. मी घसा खाकरला.

"आई, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"आल्याच्या दुसऱ्या दिवशी. फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्यामागं बाटली. वीस वर्षं ह्यांना मी सुई टोचली, मला ओळखू येणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही रोज एवढं गात होता. हिरमोड कशाला करायचा?"

"आणि आज मला उपास करू दिलात!"

"तुम्ही खरंच उपाशी राहाल असं मला वाटलंच नाही. चोरून खाल, यावर माझा पूर्ण विश्वास होता."

मी ओशाळून खाली बघितलं. बुटांना भोपळ्याच्या शेतातली माती लागली होती. मग त्या हळूच म्हणाल्या, "जूनपासूनच्या सगळ्या संकष्ट्या तुमच्यासाठीच धरल्यात. म्हटलं, एकदा हरले. या खेपेला देवाला आधीपासून सांगून ठेवावं."

माझ्याच जिवासाठी धरलेल्या उपासात मी नाटक म्हणून सामील झालो होतो.

शंकेखोर वाचक म्हणेल, कागदाप्रमाणे गेला असतात तर दुकान आधी लागलं असतं, डोनट मिळाले असते, आणि कुणी वाचवायची गरजच पडली नसती. अगदी खरं. मी स्वतः शंकेखोर, मला ते कुरणातच सुचलं होतं. पण मग मी डोनट खाऊन तोंड पुसलं असतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तान घेतली असती, आणि एके दिवशी कुठेतरी एकटा पडलो असतो, जिथे समोरून कोणीच आलं नसतं. मी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं, की मी आखलेली प्रत्येक गोष्ट त्या सकाळी उलटी झाली आणि त्यातून मी सुलटा बाहेर आलो. हात टेकले, तेव्हाच कुणाला तरी ते धरता आले.

गाडीत बसताना मी म्हणालो, "आई, माझा उपास मात्र मोडला."

"देवानं दिलेल्या साखरेनं उपास मोडत नाही," त्या म्हणाल्या. "पण त्या घोड्याचा घडला."

पुढच्या शनिवारी आम्ही तिघंही गेलो, डावीकडून. तोवर न्हाणीघराचं दार उघडं राहू लागलं होतं आणि सुई आई टोचत होत्या, माझ्यापेक्षा कितीतरी हलक्या हातानं. माझ्या दोन्ही खिशांत साखर होती. एक खिसा माझा, एक घोड्याचा. अजूनही कुठे फिरायला निघालो की दोन्ही खिसे भरून घेतो. समोरून कोण, कशा अवस्थेत येईल, सांगता येत नाही.