ऑप्शनचा रकाना

मध्यभारत मोडून नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि बाबांच्या कचेरीत प्रत्येकाच्या हाती एक छापील कागद आला. कुठे नोकरी करायची आहे, तुमचा ऑप्शन लिहा.

आमचं घर तीन पिढ्या ग्वाल्हेर दरबारच्या चाकरीतलं. हुकूम यायचा, माणूस निघायचा. सरकार कुणाची आवडनिवड विचारेल, हे बाबांच्या पचनीच पडेना. कागद उलटसुलट करत ते म्हणाले, "यात काहीतरी काळंबेरं आहे. आपला अंदाज घेऊन राहिलेत."

आई ग्वाल्हेरच्याच लष्कर भागात मुलींच्या शाळेत शिकवायची. ती कायम व्हायला एकच वर्ष उरलं होतं. "अहो, ग्वाल्हेर लिहा नि मोकळे व्हा," ती म्हणाली. "माझी शाळा सोडून मला कुठेही जायचं नाही."

बाबा लिहिणारही होते. तेवढ्यात त्यांच्या शेजारच्या टेबलावरचे बाबूजी घरी येऊन कुजबुजले, "पंडितजी, जो ग्वालियर लिखेगा, वो पुराने राज का आदमी गिना जाएगा. सोच लो." झालं! मग बाबांना त्या कागदातल्या स्वल्पविरामाचाही संशय येऊ लागला. चार दिवस तो कागद त्यांनी खिशातच बाळगला. शेवटी त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'जैसी शासन की इच्छा.' दरबारी अदबीत वाढलेल्या माणसाला याहून सुरक्षित काही सुचणार नव्हतं.

ज्यांनी ग्वाल्हेर लिहिलं, ते बहुतेक ग्वाल्हेरातच राहिले. बाबूजीसुद्धा. त्या माणसाने स्वतः काय लिहिलं होतं ते तेव्हा उघड झालं. मला अजून त्याचा राग येतो. आमच्या वाट्याला रायपूर आलं. आईने राजीनामा दिला, आणि तिकडे तिला पुन्हा नोकरी मिळाली नाही.

पुढे कॉलेजात इंग्रजी शिकताना मी कोशात ऑप्शन काढून पाहिला. मूळ लॅटिन, इच्छा करणे, निवडणे. जेवताना मोठ्या उत्साहाने मी ते बाबांना ऐकवलं.

त्यांचा घास हातातच राहिला. "म्हणजे खरोखर इच्छाच विचारत होते? मला डाव वाटला. तेव्हा कुणीतरी अर्थ सांगायला हवा होता."

आई भात वाढत होती. "तो शब्द अवघड असेल," ती म्हणाली. "मी तर मराठीत सांगितलं होतं."