पाव्हणे काही हसेनात!

आधी चहाचा घोट गिळून घ्या, मंग सांगतो. न्हाईतर ठसका लागंल तुम्हाला अन् नाव व्हईल माझं!

आमच्या भाच्याला, गणेशला, बघायला वाटूरचे पाव्हणे आल्ते जालन्याला, अक्काच्या घरी. अक्का म्हंजे माझी थोरली बहीण. स्थळ एक नंबर! पण मुलीचे वडील गप्प. काही विचारलं की नुसतं "हं." अक्का मला कोपरानं ढोसून राह्यली, "तू मामा ना? बोलतं कर की त्यांना!"

मंग मी काय केलं? टीव्हीवर माझा लाडका जुना पिक्चर लावला. लग्नावरचा, ब्लॅक अँड व्हाइट. त्यातला नवरदेव ऐन मंगलाष्टकात मांडवातून धूम ठोकतो. अहो, मेलेला माणूस उठून हसंल!

मी तर हसता हसता सोफ्यावरून खाली आलो. अन् पाव्हणे? दगड!

"कसा वाटला?" मी विचारलं.

"बरा हाये."

बरा? नुसता बरा? आमचा पोरगाबी असाच पळंल, असं तर वाटलं न्हाई ना यांना?

"पाव्हणं, आमचा गणेश असा पळणारा न्हाई बरं का!"

"कोण म्हन्लं?"

"म्हंजे, एकदा गेल्ता पळून. पण ते दहावीत नापास झाल्ता तवा! वडीगोद्रीला आत्याकडंच सापडला."

अक्कानं डोळे वटारले. मला वाटलं, अजून सांग म्हणतीये.

"अन् पिक्चरातल्यासारखी फसवाफसवी आपल्यात बिलकुल न्हाई. गणेशच्या डोक्यावरची ही टोपी तो सहज घालतो. केस जरा गेलेत, पण जे हायेत ते त्याचेच हायेत!"

गणेशनं टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

पाव्हणे उठले अन् तडक बाहेर! अक्का मटकन खाली बसली. झालं, मोडलं स्थळ!

पण पाव्हण्यांनी अंगणात तोंडातला कापसाचा बोळा थुंकला अन् परत आले. डोळ्यांत पाणी.

"सकाळीच दाढ काढली. डॉक्टर म्हन्ले, बोलू नका, हसू नका. पिक्चर ठीकच व्हता हो, त्याचं काही वाटलं न्हाई. पण मामा, तुम्ही तोंड उघडलं अन् हसू दाबता दाबता माझा जीव चालला! पोरगा पसंत हाये, टोपीसकट. फक्त लग्नाच्या सकाळी मामाला आमच्या डॉक्टरकडं पाठवा. एक दाढ काढून घ्या त्यांची."

"एक कशाला?" अक्का पदर खोचत म्हणाली. "सगळी बत्तिशीच काढून आणते!"