घरमालकिणीचे पत्र

भाऊ वारल्याचे पाकीट तळोद्याला आले तेव्हा मी शाळेत शिकवत होतो. आत तो नोकरीला होता त्या मुंबईच्या पेढीची इंग्रजीतली एक ओळ होती, आणि पनामात तो ज्या घरी राहायचा तिथल्या मालकिणीचे चार पानी स्पॅनिश पत्र.

भटजी म्हणाले, अग्नी मिळाला नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळावा लागेल. आधी पत्रात काय आहे ते पाहा. तालुक्यात स्पॅनिश जाणणारा कोणी नव्हता. मी मुंबईहून जुना स्पॅनिश-इंग्रजी कोश मागवला आणि रोज संध्याकाळी एक-दोन ओळी लावू लागलो. बाई फारशी शिकलेली नसावी, अक्षरे गाळायची. 'कासादो' म्हणजे लग्न झालेला, 'कान्सादो' म्हणजे थकलेला. 'ओंब्रे' म्हणजे माणूस, 'आंब्रे' म्हणजे भूक. दोन दिवस मी भावाचे लग्न झाले असे धरून चाललो होतो. तो थकला होता, एवढेच तिने लिहिले होते. अशा जोड्यांची मी वही केली, तरी वेग वाढला नाही.

शेजारच्या काकू ओट्यावरून विचारत, "एक कागद वाचाले महिना लागना का मास्तर? मंग पोऱ्यास्ले कसाले मारतस तुम्ही?"

त्याला अग्नी मिळाला की नाही, ते शेवटच्या पानावर होते. थडग्याचा शब्द कोशात एकाच अर्थाने दिला होता. पुढे क्रूस होता, फुले होती. मी पुन्हा एकदा पाहिले आणि कोश मिटला.

आई दारात बसली होती.

"त्याले आग दिनी का रे?" तिने विचारले. मग तीच म्हणाली, "पानस्ना पोऱ्या जळतांना मी कशी देखू?"

"दिनी, माय. त्याना दोस्तस्नी दिनी."

त्या दिवशी ती बऱ्याच दिवसांनी नीट जेवली. भटजींनाही मी तेच सांगितले. पुतळा झाला नाही.

आईला जाऊन चार वर्षे झाली. आता अडवणारे कोणी नाही. दोनदा मी पळसाची पाने आणली, दोन्ही वेळा ती कोपऱ्यात वाळून गेली. भावाला अग्नी मिळालेला नाही, आणि हे ठाऊक असलेला मी एकटा उरलो आहे.