बिबवेवाडीला न जाणारी बस

बिबवेवाडीतला फ्लॅट मी घेतला, तो इमारतीच्या दारात आमच्या कारखान्याची बस उभी दिसली म्हणून. रविवार होता, वैशाखातली दुपार होती आणि बसला झेंडूचे हार होते. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांबरोबर बसनाही हार घालतात, त्यातलेच राहिले असतील, असं मी बायकोला समजावून सांगितलं. खंडेनवमीला सात महिने होऊन गेले होते आणि झेंडू ताजा होता. पण फ्लॅटला दोन बाल्कन्या होत्या, आणि दोन बाल्कन्या समोर दिसत असल्या की झेंडूचं वय कोण विचारतं? राहायला गेल्यावर पहिल्याच सोमवारी डबा घेऊन दारात पाऊण तास उभा राहिलो, तेव्हा वॉचमनने सांगितलं, की ती बस वऱ्हाडाची होती. गाड्या ठेकेदाराच्या. आठवडाभर कारखान्याच्या, रविवारी ज्याचं लग्न त्याच्या. भोसरीला जाणारी आमची बस सुटायची स्वारगेटहून.

हे आता सांगायचं कारण दिनकर शेटे. दिनूला जाऊन पाच आठवडे झाले. त्या दिवशी सकाळी त्याच्या मुलीचा फोन आला, "काका, बाबा गेले. साडेअकराला वैकुंठ स्मशानभूमीत नेतोय." मी लगेच रिक्षा केली आणि मार्केट यार्डाच्या चौकात अडकलो. पोचलो तेव्हा लोक परत निघाले होते. मुलगी म्हणाली, "थोडा वेळ थांबलो होतो तुमच्यासाठी." शेट्यांच्या घरात माझ्यासाठी थांबायची रीतच आहे...

दिनू तपासणी विभागात होता, मी भांडारात. म्हणजे मी नट-बोल्ट मोजून द्यायचो आणि तो ते बरोबर आहेत का ते बघायचा. माझ्या मोजण्यावर त्याचा कधीच विश्वास नव्हता आणि ते त्याच्या नोकरीला धरूनच होतं. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्याचा स्वभाव घरीही तसाच. लग्नानंतर जागा शोधायची वेळ आली तेव्हा त्याने तीन जागा निवडल्या आणि प्रत्येक जागेच्या दारातून बसथांब्यापर्यंत तीन-तीन दिवस चालून बघितलं. तेही ऐन कामावर जायच्या वेळेला, खांद्याला डब्याची पिशवी लावून. "रिकाम्या हाताने माणूस भराभर चालतो, ते माप खोटं," असं त्याचं म्हणणं. शेवटी नारायण पेठेतल्या दोन खोल्या घेतल्या. स्वारगेटहून सुटलेली आमची बस पुढे टिळक चौकात थांबायची, तो थांबा तिथून सात मिनिटांवर. मी त्याच्या खोल्यांना हसलो होतो. बाल्कनी नाही, समोर दुसऱ्याची भिंत. तो म्हणाला, "काळे, मी घरात राहतो, बाल्कनीत नाही."

तर मी फसलो तेव्हा माझी नोकरी कच्ची होती. सहा महिन्यांत पक्की व्हायची, आणि हजेरी खराब झाली तर घरी बसायचं. तसं साहेबांनी बोलावून सांगितलं होतं. बायकोला दिवस गेले होते. बिबवेवाडीत तेव्हा इमारतींपेक्षा शेतं जास्त, पहिली सिटी बस यायची ती तिच्या मनाला येईल तेव्हा. मी सायकल काढली. सकाळी स्वारगेटपर्यंत उतार होता, म्हणून वेळेत पोचेन असा हिशोब केला. हिशोब माझा, तेव्हा चेन पडायची, टायर बसायचं, आणि काहीच झालं नाही तर डबा घरी राहायचा.

सायकलच्या पहिल्याच दिवशी, मंगळवारी, धापा टाकत पोचलो, तर बसच्या पायरीवर दिनू. एक पाय पायरीवर, एक पाय रस्त्यावर. ड्रायव्हर मारुतीराव वाघोलीकडचे शेतकरी. दिनू त्यांना कांद्याला यंदा पाणी किती लागतं ते विचारत होता. दिनूने जन्मात कांदा फक्त ताटात पाहिला होता.

"शेटे, सोडा की आता गाडी. हाय का येणार तुमचा माणूस?"

"आलाय, आलाय. ती काय सायकल."

"ती दुधवाल्याची हाय."

"त्याच्या मागे असेल."

मी त्याला विचारलं, की तू इकडे कसा? तुझा थांबा तर टिळक चौकात. तो म्हणाला, "डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलंय." माणूस काडीसारखा, सर्दीसुद्धा कधी झाली नाही. पण मी म्हटलं, असेल. पुढच्या खिडकीवर त्याची खाकी पिशवी जागा धरून बसलेली असायची. ती उचलून तो मांडीवर घ्यायचा, मी खिडकीशी बसायचो आणि मंडई यायच्या आत झोपायचो. भोसरी आली की कोपराने ढोसायचा. हे सोळा वर्षं चाललं. त्या पहिल्या सोमवारनंतर सहा महिन्यांत माझ्या हजेरीवर उशिराची एकच लाल खूण पडली, तीही दिनू मावशीकडच्या लग्नकार्याला सांगलीला गेला होता त्या दिवशीची. मी पक्का झालो. मुलगा झाला. पुढे स्कूटर घेतली, तीही उशिराच पोचायची. दरवर्षी दिनू ठेकेदाराकडे अर्ज करायचा, की बस बिबवेवाडीपर्यंत न्यावी. सुवाच्य अक्षर, खाली रस्त्याचा नकाशा, मापासकट. मी त्याची टिंगल करायचो. तो अर्ज मंजूर झाला तो दिनू निवृत्त झाला त्या वर्षी. मग बस खरोखरच माझ्या दारात येऊ लागली आणि मला तीत झोप येईना. उठवणार कोण, ही धास्ती.

गेल्या गुरुवारी नारायण पेठेत गेलो. नलूवहिनींनी चहा ठेवला. दिनूची खुर्ची भिंतीकडे सरकवलेली होती, खुंटीवर ती खाकी पिशवी. बंद दोनदा बदललेला, पिशवी तीच. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "चालण्यानेच इतकी वर्षं तब्येत टिकली त्याची. डॉक्टरांनी बरं सुचवलं."

"कुठल्या डॉक्टरांनी?" वहिनी म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. फ्लॅट घ्यायच्या आधी मी दिनूला कारखान्याच्या उपाहारगृहात विचारलं होतं, आपली बस बिबवेवाडीला जाते ना रे? तो जेवत होता. "जात असेल," म्हणाला. एवढंच. मी म्हणे निश्चिंत झालो आणि दुसऱ्या दिवशी सही केली.

"घरी आले ते न जेवता बसले," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही दारात उभे राहिलात ना, त्या सोमवारी. म्हणाले, नोकरीत एकच माप न तपासता पास केलं मी, आणि तेवढ्यावर तो घर घेऊन बसला. दुसऱ्या दिवसापासून अर्धा तास आधी उठायला लागले. पावसातसुद्धा. मी म्हणायचे, काळ्यांना सांगा तरी. तर म्हणायचे, सांगितलं तर तो नको म्हणेल, आणि उशीर करेलच."

चहा निवला. मी खूप आठवून बघितलं. ते उपाहारगृह आठवलं, त्या दिवशीची भाजीही आठवेल कदाचित, पण मी विचारलं होतं हे काही आठवेना. माझ्या चुकीत त्याचा वाटा होता, हे मला कधी माहीतच नव्हतं. सोळा वर्षं तो माझ्या शेजारी बसून ते एकटाच वाहत होता, आणि मी खिडकीला डोकं टेकून झोपलो होतो.

"वहिनी," मी म्हटलं, "मला विचारल्याचंही आठवत नाही. पण तो रोज उलट्या दिशेने चालत येतोय, एवढं तरी माझ्या ध्यानात यायला हवं होतं."

वहिनींनी माझ्या पुढ्यातला निवलेला कप उचलला.

"कसं येणार, भावजी? वैशाखात खंडेनवमीचा हार बघणारे तुम्ही."