रिकाम्या गावातलं रीडिंग

पेशंट नंबर सात. वजन चौपन्न किलो दोनशे ग्रॅम. बीपी एकशे अठ्ठेचाळीस, शहाऐंशी. पायांना सूज. जागेच्या रकान्यात एच.

मी तो फॉर्म तीनदा वाचला. एच म्हणजे होम, पेशंटच्या घरी जाऊन घेतलेलं रीडिंग. आणि तारीख होती गावपळणीच्या दुसऱ्या दिवसाची.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आचऱ्याच्या बाजूच्या काही गावांत दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, सगळं बरोबर. घरांना कुलपं लागतात. बाहेर झावळांच्या खोपी घालायच्या, तिथंच रांधायचं, तिथंच निजायचं. त्यातलाच एक गाव माझं माहेर. त्या तीन दिवसांत मीही रजा टाकून भावाच्या खोपीत होते. गावात त्या दिवशी कुत्रंसुद्धा नव्हतं. मग नंबर सात घरी कशी काय सापडली?

माझ्या मनात पाल चुकचुकली. खरं सांगायचं तर ती माझ्या मनात कायमच चुकचुकत असते. नवऱ्याच्या मते मी भाजीवाल्याकडच्या कोथिंबिरीलाही पुरावा मागते.

मी कार्डिऑलॉजिस्ट आहे. आमचं कॉलेज घाटावर आणि कणकवलीत त्याचं छोटं युनिट आहे, ते मी चालवते. एमडी झालेले डॉक्टर हृदयविकार शिकायला आणखी तीन वर्षं घालवतात, त्याला डीएम म्हणतात. अँजिओप्लास्टी शिकतात तसं संशोधनही करावं लागतं. थीसिस मंजूर झाला नाही तर परीक्षेला बसता येत नाही. थीसिससाठी सहा महिने फोंडाघाट उतरून आमच्याकडे आलेली विद्यार्थिनी म्हणजे केतकी. सोलापूरची. बोलायला कमी, कामाला वाघ. मी तिची गाईड.

तिचा विषय हार्ट फेल्युअर. नाव ऐकून लोक घाबरतात, पण त्याचा अर्थ हृदय बंद पडणं असा नाही. पंप थकतो आणि अंगात पाणी साठू लागतं. आधी वजन वाढतं, मग पाय सुजतात, मग आडवं पडलं की दम लागतो. म्हणून प्रत्येक पेशंटला आम्ही वजनकाटा दिला होता. गावपळणीत खाणं, झोपणं सगळं बदलतं, तेव्हा त्या तिन्ही दिवशी खोपींवर जाऊन रीडिंग घ्यायचं, ही केतकीचीच कल्पना. मला फार आवडली होती. खोपीसाठी सी लिहायचं ठरलं, सी म्हणजे कॅम्प. त्या गावात आमचे चौदा पेशंट होते. तेराजणांपुढे तिन्ही दिवस सी आणि एकीपुढे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एच.

गाईडनं थीसिस मंजूर करण्याआधी फॉर्म आणि मूळ वही ताडून बघायची असते. गावपळणीनंतर महिन्याभरानं मी तेच करत होते. टेबलाशी बसून आकडे पाडणाऱ्याच्या हातून सवयीनं एच लिहिलं जातं, असा माझा हिशेब. एक खोटं असेल तर उरलेल्या तेरांचा काय भरवसा?

केतकीला बोलावलं.

"ही सात नंबरची बाई कुठे होती?"

तिनं फॉर्म बघितला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"घरी, मॅडम."

"गावपळणीत?"

ती म्हणाली, "लिहिण्यात चूक झाली असेल. सी करून देऊ का?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "रेकॉर्ड बदलून देऊ का, असं तू मला विचारतेस? मला?"

"सॉरी मॅडम."

"सॉरी कशाबद्दल?"

ती ताकास तूर लागू देईना.

मी पुढं खणलं. सात नंबरचं वजन दुसऱ्या दिवशी चौपन्न किलो दोनशे, तिसऱ्या दिवशी बावन्न किलो सहाशे. एका दिवसात दीड किलो! औषधाचा डोस वाढवल्याची नोंद कुठेच नव्हती. अंगातलं पाणी काय मंत्रानं उतरलं? मग मी केतकीच्या इमर्जन्सी बॅगची यादी काढली. लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणारं एक इंजेक्शन असतं. त्याच्या दोन ॲम्प्यूल, म्हणजे काचेच्या कुप्या, कमी होत्या. कुणाला दिल्या? रकाना कोरा. इथं नक्की पाणी मुरत होतं.

आमच्या विभागप्रमुखांना फोन लावला. माणूस चांगला, पण त्यांना भानगड नको असते.

"मॅडम, एका एचसाठी इतकं?"

"सर, आज एच खोटा, उद्या पेशंटच खोटा."

"बरं. शुक्रवारपर्यंत लेखी कळवा. डेटा बनावट निघाला तर थीसिस रद्द. तिचं वर्ष जाईल, ते लक्षात घ्या. आणि शिक्का बसेल तो वेगळा."

परीक्षा दोन महिन्यांवर होती. तिचे वडील शाळेत शिपाई होते, घरातली ती पहिलीच डॉक्टर. हे सगळं मला माहीत होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी कुणालाही न सांगता मी गाडी काढली.

सात नंबर म्हणजे शेवंतीकाकी, वय सत्तरच्या पुढं. मला लहानपणापासून ओळखते. दार सुनेनं उघडलं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गावपळणीत काकी खंय होती गो?"

"आमच्यावांगडाच. खोपीत. दुसऱ्या दिवसापासून माळावर मावशीच्या खोपीत रवली, तिका थंय बरा वाटा होता."

"घराकडे नाय इली?"

सुनेनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले. "गावपळणीत घराकडे कोण येतला? तुमका म्हायत नाय?"

झालं. पुरावा मिळाला. खोपीतली बाई केतकीनं घरी दाखवली, म्हणजे केतकी रीडिंग घ्यायला गेलीच नव्हती. परतीच्या वाटेवर मनात अहवालाची वाक्यं जुळवायलाही लागले असते. पण आलेच आहे तर पेशंट बघून जाऊ, म्हणून मागल्या दारी गेले. काकी काजूच्या बिया निवडत बसली होती. नडगीवर अंगठा दाबून बघितला, सूज नव्हती. छाती तपासली, स्वच्छ.

"गोळ्यो घेतंस ना वेळेर?"

"घेतंय."

"गावपळणीत घेतलंस?"

तिनं सुपात बघत हात चालवला. आणि तेव्हा मला माझेच ते तीन दिवस आठवले. खोपीजवळ बायकांसाठी आडोसा म्हणजे एक जुनी साडी बांधलेली. तीही उतारावर, पुरुष पत्ते खेळत त्याच्या पलीकडे. मी स्वतः तीन दिवस पाणी मोजून पीत होते. आणि काकीला आम्ही दिलेली गोळी कसली? तासातासाला लघवीला पळवणारी!

"काकी, गोळी बंद केलंस ना? आडोश्याक जावचा लागता म्हणान?"

ती चपापली. "तुका कोणी सांगला? त्या डॉक्टर चेडवान?"

"तिना कायच सांगूक नाय. माझा माकाच कळला."

काकीनं सूप खाली ठेवलं. सून ऐकत नाही ना, हे बघून घेतलं. मग हळूहळू बोलली.

गोळी तिनं निघायच्या आदल्या दिवसापासूनच बंद केली होती. पहिल्या रात्री खोपीत जमिनीवर आडवं होताच येईना, जीव गुदमरायला लागला. पहाटे सुनेला सांगितलं, बहिणीच्या खोपीत जाते, आणि मागच्या पायवाटेनं घरी आली. घरी आरामखुर्ची होती, बसल्या बसल्या डोळा लागायचा. मोरी होती. दुपारी केतकी खोपीत गेली, तर काकी नाही. बहिणीच्या खोपीतही नाही. ही पोरगी शोधत शोधत गावात शिरली. अख्ख्या रिकाम्या गावात एका मागल्या पडवीवर ही बाई बसलेली, ओठ काळेनिळे.

"ती ॲम्ब्युलन्स बोलावक लागली. मियां तिचे पाय धरलंय. म्हटलंय, गाडी गावात इली तर सगळ्यांका कळतला. उद्या गावात काय बरा-वायट झाला, कोणाचा ढोर मेला तरी माझ्या नावान खडे फोडतले. मियां मेलंय तरी चलात, पण ह्या नको."

"मगे?"

"मगे तिना सुई दिल्यान. सांजेपर्यंत बसली माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी परत इली." काकीनं माझं मनगट धरलं. "तुझ्या भावाक सांगा नको गो. तो मानकरी."

इथं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा भाऊ देवळाच्या मानकऱ्यांपैकी. गावपळण मोडली की काय, याची चौकशी करणाराच तो. ज्या एका माणसापासून केतकीला हे लपवायचं होतं, त्याची बहीण तिची गाईड होती. आणि तो एच कुणाला खुपणार होता? कॉलेजात गावपळण कुणाला माहीत? मलाच फक्त.

युनिटला परत आले, केतकीला बसवलं. मी आधी रागावलेच, कारण रागावण्यासारखंच होतं.

"तिला हॉस्पिटलात आणायला हवं होतं. इंजेक्शन देऊन उतार पडला, हे नशीब. मेली असती तर?"

"माहीत आहे, मॅडम."

"आणि इंजेक्शन लिहिलं का नाहीस?"

"लिहिलं असतं तर कुठं दिलं, का दिलं, सगळं आलं असतं. जागा मात्र खोटी लिहवेना. मी सी लिहायला पेन टेकवलं होतं, पण नाही जमलं."

"मग मला का नाही विचारलंस? मी दोन किलोमीटरवर होते!"

तिनं पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. "तुमच्या खोपीत दादा असणार, म्हणून आले नाही. पण फोन केला होता. दोनदा."

मी मोबाईल काढून मागं मागं गेले. होते. दुपारचे दोन मिस्ड कॉल, दहा मिनिटांच्या अंतरानं. आणि मला लख्ख आठवलं. मी बांगडे तळत होते, हात पिठानं माखलेले. स्क्रीनवर तिचं नाव बघून मी म्हटलं होतं, थीसिसच्या शंका सोमवारी. नंतर फोन करायचंही मी विसरले. लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

"हे तू काल का बोलली नाहीस? मी तुला खोटारडी ठरवत होते."

"बोलले असते तर तुम्ही विचारलं असतं, फोन कशासाठी केला होतास."

शुक्रवारी अहवाल दिला. डेटा खरा. पेशंट सात, घरी, तब्येत बिघडली, इंजेक्शन दिलं, नोंद केली नाही आणि हॉस्पिटलात हलवलं नाही. ठरवलेल्या नियमांपासून असं ढळलं की आमच्यात त्याला डेव्हिएशन म्हणतात आणि ते कमिटीला कळवावंच लागतं. शेवटी लिहिलं : विद्यार्थिनीनं गाईडला दोनदा फोन केला, गाईडनं उचलला नाही. गावाचं नाव कमिटीकडे जात नाही, पेशंटचंही नाही, नुसते नंबर जातात. गावपळणीबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

विभागप्रमुखांचा फोन आला. "मॅडम, ते शेवटचं वाक्य गाळूया का? उगाच तुमच्यावर..."

"सर, ते वाक्य खरं आहे."

केतकीला लेखी समज मिळाली. मलाही मिळाली, एकतीस वर्षांच्या नोकरीतली पहिली. थीसिस मंजूर झाला आणि ती पास झाली. मी त्यातून दोन गोष्टी शिकले. फील्डवर विद्यार्थी असेल तर हात पिठात असो नाहीतर पाण्यात, फोन उचलायचा. आणि लघवीची गोळी लिहून देताना बाईमाणसाला विचारायचं, पुढचे चार दिवस तू कुठं असणार, तिथं मोरी आहे का. हा प्रश्न कुठल्याही पुस्तकात नाही, आता आमच्या फॉर्मवर आहे.

मे महिन्यात भाऊ आंबे घेऊन कणकवलीला आला. चहा घेता घेता म्हणाला, "एक इचारूचा होता. गावपळणीत तुझी ती सोलापूरची डॉक्टरीण शेवंतीकाकीच्या वाटेन जाताना एकान बघल्यान म्हणतत. घरात कोण होता काय?"

मी कपात साखर ढवळत होते. मी चहात साखर घेत नाही.

"माका काय ठावक? वाट चुकली असतली. हंयची खंय ती?"

"खरा?"

"खराच तर. तिचे कागद मीच तपासलंय."

तो "बरा" म्हणाला आणि आंब्यांच्या पेटीची दोरी सोडायला लागला. त्याचा काही विश्वास बसला नव्हता. त्याच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता.