रीळ, दोरा आणि क्लिपा

त्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. शिलाई मशीनचं पायडल मारून बायकोचे गुडघे गेले होते, म्हणून पाणी, केर, भांडी तो उरकायचा आणि सातच्या ठोक्याला आमच्या टेबलफॅनच्या कारखान्यात हजर. मोटरीत बेअरिंग बसवायचं काम, बावीस वर्षं. कमी बोलायचा, म्हणून आम्ही त्याला मुका म्हणायचो.

एका वर्षी पंखे परत येऊ लागले. जड फिरतात म्हणे. नव्या साहेबांनी निदान खुर्चीतूनच केलं. "मुका बेअरिंग ठोकून तिरकं बसवतो. सोमवारपासून त्याला घरी बसवा."

मुका म्हणाला, "नवं ग्रीस घट्ट आहे."

ते ग्रीस साहेबांनीच निवडलेलं. त्यांनी जोर मोजणारा, काटा असलेला पाना मागवला आणि मोटरीच्या दांड्याला लावून फिरवला. पाना ट्रकच्या चाकाचे बोल्ट आवळायचा. काटा कशाला हलेल? "बघ, शून्य. ग्रीसचा अडथळाच नाही." एवढं शिकलेला माणूस, आणि धान्याच्या काट्यावर माशी तोलत होता.

दुसऱ्या दिवशी मुक्याने बायकोच्या डब्यातलं रिकामं रीळ आणलं. दांड्यावर घट्ट बसवलं, दोरा गुंडाळला आणि लोंबत्या टोकाला कागदाच्या क्लिपा एकेक अडकवत गेला. जुन्या ग्रीसवर दांडा चार क्लिपांना फिरला. तेच बेअरिंग रॉकेलने धुऊन नवं ग्रीस भरलं, तर अकरा लागल्या. दहा वेळा केलं. दहाही वेळा आकडे तेच, फार तर एखाद्या क्लिपेचा फरक.

साहेब हसले. "हा काय पोरखेळ?"

"साहेब, क्लिपांची अख्खी डबी तुमच्या पान्यावर टांगा. काटा हलवून दाखवा."

टांगली. काटा ढिम्म. साहेबांना नेमकी तेव्हाच मीटिंग आठवली.

सोमवारी मुका कामावर होता आणि जुनं ग्रीसही. दोष साहेबांनी शोधला, असं अहवालात लिहिलं गेलं. माफी वगैरे कुणी मागितली नाही. त्यासाठी खुर्चीतून उठावं लागतं.

मुका माझ्या वर्षभर आधी निवृत्त झाला. शेवटच्या पगारातून बायकोच्या मशीनला मोटर घ्यायला मला सोबत नेलं. खिशात रीळ होतंच. पहिली मोटर पंधरा क्लिपांना हलेना. दुसरी तशीच.

दुकानदार वैतागला. "काका, मोटर घेताय की परीक्षा?"

"तिने तीस वर्षं पायडल मारलंय," मुका म्हणाला. "तिसरी काढा."

तिसरी नऊ क्लिपांना फिरली. ती घेतली.