तिसरी बशी

कर्करोगाच्या पेशी पोसणं हे काही मिरवण्यासारखं काम नाही. पण मावशीने उभा जन्म तेच केलं. प्रयोगशाळेत सगळेच तिला मावशी म्हणत, पांढऱ्या केसांचे साहेबसुद्धा. आता बोला! बशीत पेशी, वर गुलाबी पाणी, तेच त्यांचं जेवण. शिळं झालं की बदलायचं. सुट्टी असो, अंगात ताप असो, मावशी हजर. पेशींची सरबराई करता करता तिची कंबर कामातून गेली होती. आणि घरी ताई आजारी. ताई म्हणजे थोरली बहीण. तिच्या पोटात गाठ.

"तुमच्या प्रयोगशाळेत तपासताय ते नवीन औषध करतं तरी काय गं?" ताईने एकदा विचारलं होतं.

मावशी दमून आली होती. भांडी घासता घासता तिने सांगून टाकलं, "अगं, पेशी उपाशी राहिली की स्वतःलाच खाते. आधी अडगळ, मग भांडीकुंडी. औषध तिला थांबूच देत नाही. शेवटी दारंखिडक्याही खाऊन बसते आणि मरते."

"बरी खोड मोडते मेलीची!" ताई म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या.

त्यानंतर ताई वाळत चालली. मावशी सकाळी डबा भरून ठेवी, संध्याकाळी तो घासूनपुसून लख्ख असे. मग अंगाला का लागत नव्हतं? आज सकाळी डॉक्टरांनी ताईला काट्यावर उभं केलं आणि मान हलवली. "वजन फारच उतरलंय. या अंगाला केमोचा पुढचा डोस झेपायचा नाही. आणखी उतरलं तर उपचारच थांबवावे लागतील." ताई मात्र परतताना चक्क खुशीत होती. मावशीला ते खटकलं, पण विचार करायला अंगात त्राण तर हवं!

ताईला घरी सोडून ती कामावर गेली, तर तिथे आनंदीआनंद. प्रयोग करणाऱ्या मॅडमनी तिला ओढतच सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. पहिल्या बशीत औषध घातलेल्या पेशी मरून पडल्या होत्या. दुसरीत औषध होतंच, शिवाय स्वतःला खाणं रोखणारं आणखी एक रसायन होतं. तिथल्या बऱ्याचशा जगल्या होत्या. म्हणजे औषध मारत होतं ते पेशीला स्वतःलाच खायला लावून.

"आणि ही तिसरी?" मावशीने विचारलं.

"हिला औषध नाही, नुसतं उपाशी ठेवलं होतं. बघा कशा चिवट! स्वतःची अडगळ खाऊन तग धरला. काल जेवण दिलं, तर लागल्या पुन्हा वाढायला."

मावशीने सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले. लख्ख डबा, काटा, ताईची ती खुशी. कुणीतरी चहा पुढे केला, तो तसाच टाकून ती निघाली.

घरी येताच तिने कचऱ्याची पिशवी उपसली. तळाशी, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेलं सकाळचं जेवण.

"ताई, हे काय गं?"

ताईने पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाली, "तूच म्हणालीस ना? उपाशी राहिली की स्वतःला खाऊन मरते."

"औषधाने मरते गं! नुसत्या उपासाने ती तगते. मरशील ती तू!" मावशीचा आवाज फाटला. "मीच अर्धवट सांगितलं. आणि ते औषध अजून बशीतच आहे, ताई. तुझ्यापर्यंत कधी येईल, येईल की नाही, देव जाणे."

ताई भिंतीकडे बघत राहिली. "म्हणजे इतके दिवस भूक मारली ती फुकटच," ती म्हणाली.

मावशीने सूप गरम करून आणलं. ताईने कधी कुणाच्या हातून घास घेतला नव्हता. आई गेल्यावर मावशीलाच तिने भरवून वाढवलं होतं. तिने चमचा उचलला, पण सूप वाटेतच चादरीवर सांडलं.

"तुझ्या त्या बशीतल्या मेल्यांना वेळेवर भरवतेस ना?" ताईने विचारलं.

"हो."

"एकदाही चुकवलं नाहीस?"

"नाही गं."

"मग मलाही भरव," ताई म्हणाली आणि तिने तोंड उघडलं.